नटावरची पिवळी रेघ

समजा, तुम्ही एका जुन्या ट्रकखाली उताणे पडला आहात. नाकाच्या वीतभर वर इंजिन. मानेखाली माती, केसांत ऑइल, आणि शेजारी पडलेले आजोबा हात पुढे करून म्हणताहेत, "चौदा नंबर दे गं!" पान्यांच्या ढिगातून चौदा नंबरचा पाना तुम्ही डोळे मिटूनही काढून देता. इतका पटकन, की घरात तुमचं नावच 'चौदा नंबर' पडलंय.

झालं समजून? मग ही त्याच मुलीची गोष्ट.

तिचे आजोबा जन्मभर ट्रक ड्रायव्हर. मेकॅनिक मात्र ते कधीच नव्हते, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रकचं दार सुतळीनं बांधलेलं. डिझेलच्या टाकीला चीर गेली, तिथे अंगाचा साबण दाबून बसवलेला. केबिनच्या तळाला पडलेल्या भोकावर पत्र्याचा तुकडा. काहीही खोलून परत जोडलं, की दोन-तीन नट उरायचेच.

"कंपनी जास्तीचे देते," म्हणत आजोबा ते डब्यात टाकायचे.

"भरू द्या डबा," तिचे बाबा म्हणायचे, "त्यातून दुसरा ट्रक उभा राहील."

बाबांना ट्रक भंगारात द्यायचा होता, आणि ते तसं तोंडावर सांगत. शेवटी बापलेकांचं ठरलं. शनिवारी लाकडाच्या वखारीचा मालक येणार होता. ट्रकनं घरासमोरचा चढ चढून दाखवला, तर रोज डोंगर उतरून लाकूड पोचवायचं काम आजोबांचं. नाही चढला, तर भंगार.

सोमवारी चढाच्या मध्यावर ट्रक बंद पडला. डिझेलच्या नळीचा नट सैल होऊन आत हवा गेली होती.

"हा चौदाच ना गं? ऊन डोळ्यांवर येतंय," ट्रकखालच्या सावलीत पडल्या पडल्या आजोबा म्हणाले. त्यांनी नट आवळला आणि वर दोन हातोड्या हाणल्या. पहिली नटावर बसली, दुसरी अंगठ्यावर. मुलीनं वेणीची लाल रिबीन फाडून त्यांच्या अंगठ्याला बांधली.

मंगळवारी पुन्हा तेच. ती चढावर पुढे उभी होती. "बघ गं, समोर कुणी नाही ना?" आजोबांनी खिडकीतून विचारलं. कुणी नव्हतं. ट्रक दहा हात चढला आणि गचके खात थांबला. शेजारपाजारचे हसले. आजोबा खाली मान घालून उतरले.

मुलीला ते हसणं फार लागलं.

"आवळलेला नट सैल होतोच कसा?" तिनं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

"आजोबांनी आवळलेला ना? मग होणारच!" तो हसला. पण तिचा चेहरा बघून त्यानं पिवळ्या रंगाची डबी काढली. "हे बघ, नट आवळला, की नटावरून शेजारच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढायची. नट जरासाही फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. माणूस खोटं बोलेल, रेघ नाही."

बुधवारी तिनं स्वतः नट आवळला आणि रेघ ओढली. गुरुवारी सकाळी ट्रक पुन्हा अडला. ती खाली सरपटली. रेघ तुटलेली होती.

"आजोबा, तुमचं काम वाईट नाही!" ती धावत घरात आली. "कुणीतरी नट सैल करतंय!"

आजोबा कपातून बशीत चहा ओतत होते. "कोण करणार गं?"

"ज्याला ट्रक विकायचाय, तो."

चहा बशीबाहेर सांडला, तरी आजोबा ओततच राहिले.

त्या दिवशी जेवताना ती बाबांकडे पाठ करून बसली.

"काय झालं, चौदा नंबर?"

"मला तसं म्हणू नका. ते आजोबांनी ठेवलेलं नाव आहे."

आईनं सगळा प्रकार सांगितला, तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "मी हात लावलेला नाही, पोरी."

"तुमच्याकडेपण चौदाचा पाना आहे."

"अगं, तो सायकलचा!" बाबांनी आजोबांकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा हिला."

आजोबा घास चावत राहिले.

"बरं," बाबा म्हणाले. "शनिवारी गाडी सुरू करायच्या आधी सगळ्यांसमोर रेघ बघू. सरळ असली, तर बोलशील माझ्याशी?"

"आणि तुटलेली निघाली तर?"

"तर नको बोलूस. कधीच."

संध्याकाळी तिनं पुन्हा नट आवळला, नवी रेघ ओढली.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून घर सामसूम झालं. ती गुपचूप केबिनमध्ये शिरली, तळाचा पत्रा बाजूला सारला आणि भोकाला डोळा लावून पडून राहिली. नट बरोबर खाली दिसत होता. चोराला आज रंगेहाथ पकडायचं, आणि उद्या सगळ्यांसमोर बाबांना विचारायचं, असं का केलंत?

चपला वाजल्या. ट्रकखालून एक हात वर आला. भर दुपारच्या लख्ख उजेडात तो हात अंधारात चाचपडावं तसा एकेका नळीवरून फिरत होता. नट सापडला. पाना बसला. अर्धा वेढा फिरला. त्या हाताच्या अंगठ्याला लाल रिबीन बांधलेली होती.

पावलं दूर गेली, तेव्हा तिला बशीबाहेर सांडलेला चहा आठवला, आणि ट्रकखालच्या सावलीत आजोबांच्या डोळ्यांवर आलेलं ऊन. मग खाली उतरली. चौदा नंबरच्या पान्याला तिनं हात लावला नाही. फडकं रॉकेलमध्ये बुडवून तुटलेली रेघ पुसली, पिवळी डबी उघडली, आणि त्या सैल नटावरून नवी रेघ ओढली. अगदी सरळ.