बदकाची परीक्षा

"ती वळली की दाब. रोज करतोस तेच," मॅडम म्हणाल्या.

संकलकाने बटण हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. रोज तो हेच करायचा, हे खरं. पण रोज काचेपलीकडे लोकांची मुलं असायची. आज तिथल्या बुटक्या खुर्चीत त्याची स्वतःची भिंगरी बसली होती. अजून वर्षाचीही नव्हती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. ज्या बाळाला आज बसवायचं होतं ते सकाळी तापाने फणफणलं, आणि मॅडमना नेमकी हिची आठवण झाली.

तान्ह्या मुलांसाठीचे टीव्हीचे कार्यक्रम इथे तयार व्हायचे. रंग, फुगे, चेंडू, मधूनच घंटा. कार्यक्रम तयार झाला की एकेका बाळाला त्याच्यासमोर बसवायचं. टीव्हीशेजारच्या काचेमागून संकलकाने बाळाचा चेहरा बघायचा, आणि नजर हटली की बटण दाबायचं. जिथे नजर हटली तो तुकडा कंटाळवाणा. तो कापून टाकायचा. असं कापत कापत तो कार्यक्रम इतका घोटायचा की मूल पापणी लववायचं विसरून जाई. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

फक्त एका बदकाने त्याला जेरीस आणलं होतं. लाल बादलीतून हळूच डोकं वर काढणारं पिवळं बदक. कल्पना त्याची स्वतःची, त्यामुळे जीव जडलेला. आणि बदक आलं रे आलं की मुलं मागे वळायची. त्याने बदक लवकर आणून पाहिलं, मोठं करून पाहिलं, त्याला टोपीही घालून झाली. मुलं वळायची ती वळायचीच.

"आजच्या बाळानेही तेच केलं तर बदक बाद," असं मॅडमनी बजावलं होतं.

बायको यायलाच तयार नव्हती. "घरी टीव्हीवर चादर टाकून ठेवायची, आणि इथे आणून हिला टीव्हीसमोर बसवायचं? आपण नक्की कुणाला फसवतोय?"

"थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. मग त्याने तिलाही तो नियम सांगितला, जो तो सगळ्याच आयांना सांगायचा. बाळाच्या मागे बसायचं, मान खाली घालून. बाळाने पाहिलं तरी आपण पाहायचं नाही, हसायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही. नाहीतर मूल आईकडेच बघत बसतं आणि सगळं मोजमाप बोंबलतं.

कार्यक्रम सुरू झाला. भिंगरी चक्क एका जागी बसली. संकलकाचा पाय मात्र टेबलाखाली सारखा हलत होता. फुगे गेले, चेंडू गेला, तिची नजर काही हलली नाही.

"मुलगी शहाणी आहे हं तुझी," मॅडम म्हणाल्या.

त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. बदक जवळ येत होतं. वळू नकोस गं बाई, तो मनात म्हणाला. एवढं एकदा वळू नकोस.

लाल बादली आली. पिवळं डोकं वर आलं. भिंगरीचे डोळे मोठे झाले, तिने पाय झाडले, बोट टीव्हीकडे केलं, आणि ते तसंच ठेवून ती गर्रकन आईकडे वळली. "अं!"

मॅडम चुकचुकल्या. "कंटाळली. दाब."

त्याने दाबलं नाही. हे "अं" त्याच्या ओळखीचं होतं. सकाळी खिडकीत कबुतर येऊन बसलं की ती हेच करायची. बोट कबुतराकडे आणि तोंड त्याच्याकडे. तो दाढी करता करता म्हणायचा, "हो गं, कबुतर." मगच ती पुन्हा खिडकीकडे बघायची. तो बोलेपर्यंत थांबायची.

आताही ती थांबली होती. तिची आई नियमाप्रमाणे मान खाली घालून बसली होती. बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग वाकलं, मग हात मांडीवर आला.

ती कंटाळली नव्हती. एकही मूल कंटाळलं नव्हतं. बदक बघून सगळी खूश झाली होती, आणि ते कुणाला तरी दाखवायला वळली होती. मागे बसलेल्या प्रत्येक आईला मान खाली घालायला त्याने सांगितलं होतं. आणि मग जिथे जिथे मूल असं वळलं, तेवढंच नेमकं कापलं होतं.

"मॅडम, थांबवू या?"

"का? अजून दोनदा यायचंय बदक. बघू तरी."

त्याने काचेवर हात ठेवला. तिकडून ती आरसा होती.

बदक पुन्हा आलं. भिंगरीचं बोट थोडंसं उठलं. मान अर्धी वळली, नजर आईच्या केसांपर्यंत गेली आणि परत आली. या वेळी "अं" नाही.

संकलक उठला. खुर्ची मागे आपटली, बटण कुठेतरी घरंगळलं. "अरे, कुठे चाललास?" मॅडम म्हणाल्या, पण तो दारापाशी पोचलाही होता. मूठ धरून त्याने एकदा वळून काचेकडे पाहिलं. बादली येत होती. वळ गं, तो म्हणत होता, वळ. मी आलोच. फक्त एकदा वळ.

पिवळं डोकं वर आलं, टोपीसकट. खुर्चीत काहीच हललं नाही.

"वा," मॅडम म्हणाल्या, "वळलीसुद्धा नाही. तुझं बदक वाचलं."