पट्ट्याचं कारण

साहेबरावांच्या पोस्टकार्डाला श्रीपतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीनंतर आलेलं कार्ड शिमगा जवळ आला तरी स्टुडिओतल्या टेबलाच्या काचेखाली तसंच होतं. दोनच ओळी. 'तुम्ही काढलेल्या लग्नाच्या फोटोंत काळा पट्टा आला आहे. तो कशाने येतो ते कळवावे.'

त्यापेक्षा शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्रीपतरावांना वाटे. शिवीला कारण द्यावं लागत नाही.

बदनापुरातला त्यांचा स्टुडिओ जुना. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनी फिल्मवर काढली होती. जालन्यातली फिल्म धुणारी लॅब बंद पडली, तेव्हा नाइलाजानं डिजिटल कॅमेरा घेतला. त्यावरचं पहिलं मोठं लग्न साहेबरावांच्या मुलीचं, बेबीनंदाचं. नेहमीच्या शिस्तीनं नवरी नवरदेवाच्या डाव्या हाताला, तिच्या पलीकडे तिची आई, कॅमेरा उभा. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर बघायची सवय त्यांना नव्हती. फिल्मवाल्याला ती नसतेच. छापून आले तेव्हा मंडपातल्या एकूण एक फोटोत उभा काळा पट्टा, आणि तो नेमका नवरदेवावर. नवरी लख्ख, आई लख्ख, शेजारी नुसता अंधार.

अल्बम न्यायला साहेबरावांचा भाऊ आला, तेव्हा श्रीपतराव मागच्या खोलीत बसून राहिले. तेव्हापासून त्यांनी एकही लग्न घेतलं नव्हतं. कारण सापडलं नाही तर पाडव्याला स्टुडिओ बंद करायचा, हे त्यांनी बायकोलाही सांगून टाकलं होतं.

लेन्स मलमलीनं पुसून झाली. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बदलून झालं. ट्यूबलाइटच्या उजेडानं पट्टे पडतात असं कुणी म्हणालं, तर ट्यूब काढून बल्ब लावले. जालन्याच्या दुरुस्तीवाल्यानं दुकानाबाहेर उन्हात दोन फोटो काढून बघितले आणि कॅमेरा परत दिला. "एकदम बराबर आहे काका. चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

ते वाक्य घेऊन श्रीपतराव घरी आले होते. आपलेच हात गेले, डोळे गेले, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, स्टुडिओतल्या कापडी पडद्यासमोर स्टुलावर बसवलं.

"अहो, किती येळ बसू? भाजी करपून राह्यली तिकडं."

"हलू नको."

फ्लॅश उडाला. द्वारकाबाईंनी उठून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावलं. त्यांचा अर्धा भाग काळा.

"पहिलं नवरदेव खाल्ला, आता मला खाऊन राह्यला का हा?"

श्रीपतराव हसले नाहीत. पुन्हा बटण दाबलं. फ्लॅशचे सेल संपले होते, उडालाच नाही. फोटो अंधूक आला. पण सगळा सारखाच अंधूक. पट्टा नव्हता.

त्यांनी फ्लॅश काढून हातात घेतला. फ्लॅश फिल्मच्या कॅमेऱ्याचा, जुना. चांगला चालतो म्हणून तोच नव्यावर चढवला होता. जुन्या कॅमेऱ्याच्या वेगाच्या चकतीवर फ्लॅशसाठीचा आकडा लाल रंगात असायचा, बोटं आपोआप तिथं जायची. या कॅमेऱ्यावर लाल काही नव्हतं, आणि चकती लग्नापासून पाचशेवर होती, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. इतक्या घाईत उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा पुरता उघडतच नव्हता. जेवढा झाकलेला, तेवढा फोटो काळा.

नवे सेल घातले, चकती सव्वाशेवर आणली. द्वारकाबाई रागावलेल्या चेहऱ्यासकट अख्ख्या आल्या.

आनंद व्हायला हवा होता. श्रीपतरावांना नुसता थकवा आला. एवढीशी गोष्ट! त्यांनी कागद घेतला, त्यावर माफी लिहिली. ते घडी घालत होते, तोच दारात साहेबराव उभे. हातात अल्बमची पिशवी.

"कार्ड पोचलं का न्हाई, म्हणून आलो."

"पोचलं. उत्तरच लिहून राह्यलो होतो."

"मंग, कारण घावलं?"

"घावलं. चूक माझीच होती. आता तसा पट्टा पुन्हा कधी येणार न्हाई."

साहेबरावांचा चेहरा उतरला. "बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई. शब्द देतो."

साहेबराव बाकावर टेकले. पिशवी मांडीवरच ठेवली. "पोर कायमची माघारी आली. रोज अल्बम उघडती. परवा फोटो फाडाया निघाल्ती."

श्रीपतरावांनी मान खाली घातली.

"मीच हात धरला. म्हणलं, तुझी माय हाय त्यात. दसऱ्याला गेली ती. तिचे फोटो म्हणावं तर एवढेच."

श्रीपतरावांना हे ठाऊक नव्हतं. "मंडपाबाहेरचे तेवढे चांगले आलेत," ते कसंबसं म्हणाले. "तिथं उन्हामुळं फ्लॅश लागला नव्हता."

"तेच तर सांगाया आलो." साहेबरावांनी अल्बम उघडला आणि मंडपाबाहेरच्याच एका फोटोवर बोट ठेवलं. मग ते हळू आवाजात बोलत राहिले.

श्रीपतरावांनी एकदाच विचारलं, "पोरीनं सांगितलं?"

"तिनंच."

साहेबराव अल्बम ठेवून गेल्यावर त्यांनी माफीचा कागद फाडला. मंडपाबाहेरचे फोटो अल्बममधून काढून भिंतीला टाचले. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या, तो तसाच निवला. एकेका फोटोसमोर कॅमेरा उभा धरून ते फोटोचा फोटो काढत होते. पडद्यात बघत, जरा सरकत, मान हलवत, पुन्हा काढत.

दुसऱ्या दिवशी छापून आणलेले फोटो पाकिटात घालून त्यांनी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं. सोबत उत्तर होतं.

'साहेबराव, फ्लॅश लावून चकती पाचशेवर ठेवली की पट्टा येतो. उन्हातल्या फोटोंतही आणला आहे. बेबीनंदाला सांगावे, आई सगळ्या फोटोंत आहे. तो आता एकाही फोटोत नाही.'