पदभार

सरपंचबाईंच्या गुडघ्याची वाटी फुटली, त्याला तीन महिने झाले. तेवढे दिवस ग्रामपंचायतीतली त्यांची खुर्ची नवऱ्यानं सांभाळली, ती रिकामी पडू नये म्हणून. काल नगरच्या डॉक्टरांनी पायावर भार द्यायला परवानगी दिली आणि आज बाई वॉकर टेकत एकट्या सभेला पोहोचल्या. "आवो, उठा. आता मी बसते." नवरा हलला नाही. "डाक्टर काय म्हनले?" "म्हनले, पायावर पुरा भार द्या." "मंग हुबी ऱ्हा की! बसलीस तर गुडघा आखडंल." सदस्य हसले. बाई उभ्याच राहिल्या. सभा संपल्यावर ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहिलं, 'सरपंचांनी आज पुन्हा पदभार स्वीकारला.' मग वही वॉकरच्या दांडीवर धरून तो अदबीनं म्हणाला, "ताई, सही." बाईंनी एक हात सोडला, सगळा भार त्याच पायावर घेतला आणि सही केली. पेन नवऱ्यानं दिलं.