घरापर्यंतची तार

भिंतीला ड्रिल टेकवता टेकवता दर्पण हसत बोलून गेला, "बरं झालं काका, आज काकी घरात नाहीत. नाहीतर आजही मला परत पाठवलं असतं."

वामनने खालून शिडी धरली होती. त्याने मान वर केली. "आजही म्हंजे?"

दर्पण जवळच्या सरावली गावचा. घरोघरी फायबरची लाइन जोडून देणारा. घरातल्या गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक असतात, अशी त्याची भाबडी समजूत होती. "मागं दोनदा आलो होतो की. तुम्ही बोटीवर होतात. काकी म्हणाल्या, आम्हाला नको लाइन. तार आमच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरून जाते."

वामनचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. या एका तारेसाठी त्याने बोईसरच्या ऑफिसात किती खेटे घातले होते. आधी म्हणाले, मुरबे गावात अजून सोय नाही. मग म्हणाले, तुमची आळी पुढच्या टप्प्यात. शेवटी 'आमचा माणूस तुमच्या घरी येऊन गेला' म्हणाले, तेव्हा वामनने त्यांना खोटारडे ठरवून भर ऑफिसात तमाशा केला होता.

सगळं निमेशसाठी. लेक बायकोसह पुण्यात राहून कॉम्प्युटरवर काम करायचा. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, पण घोडं पेंड खात होतं ते मुरब्याच्या रेंजपाशी. "मीटिंगमध्ये माझं अर्धं वाक्य खाडीत पडतं, बाबा," तो म्हणायचा. "फायबर आलं की येतो. हेमालीला घेऊन कायमचाच येतो." त्या एका वाक्यावर वामनने माळ्यावर खोली काढली. टेबल करून घेतलं. मीटिंगमध्ये पोराच्या पाठीमागे भिंत चांगली दिसावी म्हणून तिला निळा रंग दिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं सगळी आळी म्हणत होती. वामन हसून सोडून द्यायचा.

तेवढ्यात हिरा पालघरच्या बाजारातून आली. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. शिडी, ड्रिल आणि नवऱ्याचं तोंड पाहून ती अंगणातच थबकली.

"बोंबलांपायी?" वामनचा आवाज चढला. "चार बोंबलांवर तारेची सावली पडंल म्हणून पोराला घरी येऊ दिलं नाय तू? आई हायस का कोण हायस?"

शेजारच्या बाया दारात आल्या. वामनची जीभ एकदा सुटली की सुटली. बायकोला चारचौघांत बोलू नये ते सगळं तो बोलला. एरवी एकाला दोन सुनावणाऱ्या हिराने नुसती पाटी खाली ठेवली, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला आत स्वयंपाकघरात नेलं.

"शिमग्याला आलेला, तवाच त्यानं मला सांगितलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणाला, आई, मला नाय यायचं परत. आमाला तिकडंच बरं वाटतं. बाबांच्या तोंडावर बोलवत नाय, म्हणून फायबरचं नाव सांगतो." तिने पदराने कपाळ पुसलं. "तार आली असती तर त्याला खरं बोलावं लागलं असतं, आन् तुमाला ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, तारच नको."

वामन तिथेच पाटावर बसला. दर रविवारी फोनवर तो उत्साहाने सांगायचा, खांब आले रे, कोपऱ्यापर्यंत तार आली रे. पलीकडे निमेश गप्प व्हायचा. वामनला वाटायचं, रेंज गेली. त्याला आता पोराची कीव आली. बापाला दुखवायचं नाही म्हणून बिचारा दर रविवारी नवं खोटं शोधत असेल, आणि आपण दर रविवारी त्याला तेच विचारत होतो. बाहेर अंगणात आपण हिराला काय काय बोललो ते आठवलं, आणि त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"पाणी देऊ?" हिराने विचारलं.

"नको," म्हणत तो उठला आणि बाहेर आला. "दर्पण, गुंडाळ ती तार."

"काका, ही या आळीतली शेवटची फेरी. पुन्हा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही."

"नाय लागला तरी चालंल."

वामन अंगणाच्या टोकाला गेला. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपलीकडे, कुंपणाला टेकून उभं राहिलं की तिथे थोडीफार रेंज यायची. त्याने फोन लावला.

"निमेश, अरे, लाइनचं काय जमत नाय बघ. आपल्या घरापर्यंत तार पोचतच नाय. कधी पोचायची पण नाय म्हणतात. मी नाद सोडला आता. तू पण आमच्यासाठी थांबू नको. तिकडंच एक चांगलं घर बघ. हेमालीला सांग, आमीच येऊ र्‍हायला."

राउटरचं खोकं हातात घेऊन दर्पण समोरच उभा होता. तो आ वासून ऐकत राहिला. दारातून हिराही ऐकत होती.

आवाज नेहमीसारखाच तुटत होता. पलीकडून "बरं, बाबा" एवढेच दोन शब्द आले, तेही अर्धेमुर्धे. पण त्याआधी निमेशने सोडलेला सुटकेचा निःश्वास वामनला अगदी स्वच्छ ऐकू आला.