काठावरचा ठोका

"कवच रिकामं आहे, रेवती. मधला भाग पुन्हा पुन्हा चाळलाय," वेधशाळाप्रमुख पळसुले सर म्हणाले.

रेवती जागची हलली नाही. तिचा धाकटा भाऊ नचिकेत ज्या यानावर होता, ते शनीपलीकडे भरकटलं होतं. मेलेल्या ताऱ्यांच्या क्ष-किरणांचे ठोके मोजत अशी यानं वाट काढायची; पण या यानाचा एकच डोळा शाबूत होता, तोही आकाशाच्या एकाच कोपऱ्यावर अडकलेला. तिथले दोन ठोके त्याला मिळाले होते, पण आपली जागा ठरवायला तीन लागत. तिसरा असलाच, तर या फुटलेल्या ताऱ्याच्या कवचात होता.

"तो मेलेला तारा मध्यभागी नसेलच, सर. स्फोटानंच भिरकावला असेल."

"मग त्याच्या वाटेवर मागे धूसर ढग दिसला असता."

"कसा दिसेल? आपण तो पुसतो ना!"

आलेल्या प्रत्येक चित्रातला धुरकटपणा यंत्रानं आधी साफ करायचा, हा तिथला शिरस्ताच होता. रेवतीनं मूळ चित्र उघडलं.

"त्यात नुसता कचरा आहे."

"असू दे. कचराच बघते."

कवचाच्या अगदी काठाशी एक फिकट शेपटी होती आणि शेपटीच्या टोकाला ठिपका. तिनं दुर्बीण तिकडे रोखली. बऱ्याच वेळानं आलेखावर एकसारखे ठोके उमटू लागले. तिनं ते तसेच यानाकडे धाडले आणि खुर्चीतच बसून राहिली.

संध्याकाळी खरखरत उत्तर आलं.

"ताई, लागला ठोका. आईला सांग, वळलोय."