वयाचा दाखला

"आ कर. अजून मोठा."

पोरीने आ केला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. अक्कलदाढेचं नाव सोडा, वरचा एक सुळा अजून दुधाचा होता. मागच्या दाढेने नुकतं कुठे हिरडीतून डोकं वर काढलं होतं. बारा वर्षं. फार तर साडेबारा.

खुर्चीमागे इन्स्पेक्टर दाखल्याचा कागद घेऊन उभा होता. काल छाप्यात त्यानेच पोरीला कोठ्यावरून सोडवलं होतं, पेपरात फोटोही आला होता. आता अठराच्या आत भरली तर ती सरकारी वसतिगृहात जाणार. वर भरली तर बाहेर बाकावर बसलेल्या मावशीबरोबर, म्हणजे पुन्हा त्याच कोठ्यावर. मावशी कसली, विकत घेणारी बाई ती!

"एकोणीस लिहा, मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाला.

"अहो, दुधाचा दात आहे तिच्या तोंडात! माझे डोळे फुटलेत का?"

"मागच्या चौघींच्या वेळी बरे मिटून घेतलेत." तो हसला. "त्या तुमच्याच सहीने सज्ञान झाल्यात. ही बाराची निघाली, तर त्यांचेही कागद उघडतील. माझी फार तर बदली होईल. तुमचं काय होईल, ते तुम्ही बघा."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. पहिल्या वेळी त्याच्या धाकानेच त्यांनी सही केली होती, आणि आता तीच सही त्यांच्या मानगुटीवर बसली होती. त्यांनी एकोणीस लिहिलं.

पोर मान वाकडी करून कागद वाचत होती.

"डॉक्टरबाई, तुमचं चुकलं. मी बारा वर्षांची आहे."

बाईंनी आकड्याखाली सही केली. बाईंना पटत नसेल, असं तिला वाटलं.

"आईला विचारा हवं तर. तिचा नंबर मला पाठ आहे." आणि शाळेत पाढे म्हणावेत तशी ती एकेक आकडा म्हणू लागली.

"चला, झालं काम," इन्स्पेक्टरने कागद घडी करून खिशात घातला. मावशीने आत येऊन पोरीचं मनगट धरलं. दारापाशी पोरीने नंबर पुन्हा पहिल्यापासून म्हटला, बाईंना लिहून घेता यावा म्हणून अगदी सावकाश. जिना उतरतानाही तिचा आवाज येत होता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. लिहून घ्यायची गरज नव्हती. नंबर त्यांना पाठ झाला होता.