दाराबाहेरच्या रेघा

बर्फावरच्या पन्नास किलोमीटरच्या स्की शर्यतीत सुरुवातीला जोरात जाणारा शेवटी मागे पडतो का, हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा प्रश्न. रत्नागिरीत वाढलेल्या मला बर्फ ठाऊक तो मासळीच्या टोपलीतला. पण सरांनी पुण्याहून शहाऐंशीच्या मोसमातल्या सत्तर स्पर्धकांच्या वेळा पाठवल्या होत्या, आणि आकडेमोड उद्याच्या टपालाने गेली नाही तर माझं वर्ष फुकट जाणार होतं.

माझ्या लेकीचा, विमलाचा ताप कालच उतरला होता. तरी तिला सासूबाईंकडे दिलं, खोलीला आतून कडी लावली आणि कानांत कापसाचे बोळे घातले. दोन वर्षांच्या पोरीचा आवाज आला की माझी बेरीज चुकते, काय करू!

दुपारी एकदाचं उत्तर निघालं. दार उघडलं तर पोर सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली, गालावर ओघळ सुकलेले. आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला कोळशाच्या रेघाच रेघा. सासूबाईंना लिहिता येत नाही. मळणीनंतर भात मोजताना दर पायलीला त्या अशीच एक रेघ ओढतात.

"आत्या, भात तर अजून शेतातच आहे. मग हे काय मोजलंत?" मी सासूबाईंना विचारलं.

पोर जागी होऊ नये म्हणून त्या हळूच म्हणाल्या,



"पोरीनं तुला हाका मारल्यान, तितक्या रेघा. मला विसाच्या पुढं येत नाय गो. तू शिकलेली, तूच मोज."